विश्लेषण : वेरूळच्या तलावांकाठी कुटुंबासह तंबू ठोकायचा तर... जागा कोणाची, परवानगी कोणाची?

पवना, पानशेत, भंडारदऱ्याच्या काठावर तंबूत रात्र काढणे आता मध्यमवर्गीय कुटुंबांच्या सवयीचे झाले आहे. मात्र छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेले वेरूळ बहुतेकांच्या यादीत अर्ध्या दिवसाचे ठिकाण म्हणूनच असते. कैलास लेणे पाहायचे, घृष्णेश्वराचे दर्शन घ्यायचे आणि जेवायला शहरात परतायचे. खरे तर वेरूळ, खुलताबाद, म्हैसमाळ, दौलताबाद हा डोंगरपट्टा आणि त्याच्या कुशीतली तळी, तसेच दक्षिणेला पैठणचा नाथसागर हा भाग दोन-तीन रात्रींच्या कौटुंबिक मुक्कामासाठी उत्तम आहे. पण इथे लोणावळ्यासारखी रांगेने तंबूंची गावे नाहीत. पाण्याचा काठ दिसला की गाडी थांबवून तंबू ठोकला, असे इथे चालत नाही. काही ठिकाणी तसे करणे कायद्याचा भंग आहे, काही ठिकाणी जिवाला धोका आहे आणि जवळजवळ सगळीकडे ते कोणाच्या तरी पिण्याच्या पाण्याजवळ आहे. त्यामुळे अशी सहल आखताना काय पाहावे, याचा हा आढावा.

वेरूळ परिसरात तलाव नेमके कुठे आहेत?

वेरूळ हे खुलताबाद तालुक्यातले गाव. लेण्यांच्या माथ्यावरून येणारी वेळगंगा २९ क्रमांकाच्या लेण्याजवळ कड्यावरून खाली उतरते. त्या जागेला ‘सीता की न्हाणी’ म्हणतात. पावसाळ्यात हा धबधबा लेण्यांइतकाच गर्दी खेचतो. गावात घृष्णेश्वराजवळ अहिल्याबाई होळकरांच्या काळातले दगडी पायऱ्यांचे शिवालय तीर्थ आहे. हे तीर्थकुंड आहे, पोहण्याचे ठिकाण नव्हे.

वेरूळहून घाट चढून चार-पाच किलोमीटरवर खुलताबाद लागते. त्याच्या जवळच शूलिभंजनचा डोंगर. संत एकनाथांनी इथे तपश्चर्या केल्याची परंपरा सांगितली जाते आणि डोंगरावर दत्त मंदिर आहे. याच परिसरात ‘परियों का तालाब’ हे जुने तळे आहे. खुलताबादपासून सुमारे १२ किलोमीटरवर म्हैसमाळचे पठार. समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास उंची असल्याने उन्हाळ्यातही इथली संध्याकाळ सुसह्य असते. येसगाव येथे गिरिजा नदीवर मध्यम प्रकल्पाचा जलाशय आहे. दौलताबादला देवगिरी किल्ल्याजवळ मोमबत्ता तलाव आहे. उत्तरेला कन्नडच्या पुढे गौताळा औट्रमघाट अभयारण्य आणि त्यातली पाणथळे आहेत.

या सगळ्यांपेक्षा कितीतरी मोठा म्हणजे पैठणचा नाथसागर, म्हणजेच जायकवाडी धरणाचा जलाशय. वेरूळहून तो सुमारे ८० किलोमीटर अंतरावर आहे. लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ मध्ये या धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते लोकार्पण झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या मातीच्या धरणाला २७ दरवाजे आहेत. उपयुक्त साठा सुमारे २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे ७६ टीएमसीच्या आसपास आहे. काठावर उभे राहिले तर पलीकडचा किनारा दिसत नाही.

मग काठावर तंबू लावायला अडचण काय?

अडचण मालकीची आहे. या पट्ट्यात पाण्याजवळची जागा चौघांपैकी कोणाची तरी असते आणि प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत.

पहिला मालक पुरातत्त्व खाते. वेरूळची ३४ लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत आणि १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. संरक्षित स्मारकाच्या आवारात मुक्काम करता येत नाही. नेमून दिलेल्या जागेखेरीज स्वयंपाक करणे किंवा जेवणे यालाही स्मारकविषयक नियमांनी मनाई आहे. त्यामुळे लेण्यांच्या माथ्यावर शेगडी पेटवून चहा करण्याची कल्पना आधीच बाजूला ठेवावी. ड्रोनही परवानगीशिवाय उडवता येत नाही.

दुसरा मालक वन विभाग. नाथसागराचा जलाशय परिसर १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर आहे. गौताळाही अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेशाला परवानगी लागते आणि कलम ३० नुसार आग पेटवणे किंवा पेटती सोडणे हा गुन्हा आहे. शेकोटी ही बहुतेक कॅम्पिंगच्या जाहिरातींतली पहिली ओळ असते, पण अभयारण्याच्या काठावर तीच सर्वांत महागात पडू शकते.

तिसरा मालक जलसंपदा विभाग. धरणाची भिंत, सांडवा, दरवाजे, कालव्याच्या कडेचे रस्ते ही प्रतिबंधित जागा समजावी. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम १९७६ नुसार कालवा-जलाशयाचे पाणी दूषित करणे हा गुन्हा आहे.

चौथा मालक शेतकरी, आणि त्याची जमीन बाहेरच्या माणसाला ओळखू येत नाही. जलाशयाचे पाणी हिवाळ्यानंतर मागे सरकते तसा काठचा गाळ उघडा पडतो. या जमिनीला ‘गाळपेर’ म्हणतात. अनेक ठिकाणी ती शेतकऱ्यांना हंगामापुरती कसायला दिली जाते. शहरातून आलेल्यांना मोकळे मैदान वाटणारा हिरवा काठ म्हणजे कोणाचे तरी हरभऱ्याचे किंवा गव्हाचे रान असते. शिवाय ही काळी, चिकट माती. वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते. गाडीचे चाक एकदा रुतले की ट्रॅक्टर बोलावल्याशिवाय निघत नाही.

मग अधिकृतपणे मुक्काम कुठे करता येतो?

कुटुंबासाठी सर्वांत सोपा आणि निर्धोक मार्ग म्हणजे खासगी जागेत, मालकाच्या परवानगीने मुक्काम करणे. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले. त्यानुसार शेतकऱ्याला आपल्या शेतावर पर्यटकांची सोय करून पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. वेरूळ, खुलताबाद, म्हैसमाळ रस्त्यावर शेतघरे, छोटी रिसॉर्ट आणि मोकळ्या आवाराची हॉटेले आहेत. त्यातली काही तंबू लावू देतात, काही स्वतःचे तंबू देतात. तलाव तिथून पाच-सात किलोमीटरवर असला तरी बिघडत नाही. पाण्यावर सकाळ-संध्याकाळ जावे, झोपायला कुंपणाच्या आत यावे.

आगाऊ पैसे भरण्यापूर्वी फोनवर काही प्रश्न सरळ विचारावेत. पर्यटन संचालनालयाची नोंदणी आहे का? रात्री मालक किंवा राखणदार जागेवर असतो का? शौचालय किती आणि पाणी बोअरचे की टँकरचे? वीज गेली तर काय? गाडी तंबूपर्यंत येते का? पाऊस आला तर झोपायला पक्के छप्पर मिळेल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल आणि सोबत लहान मुले किंवा आजी-आजोबा असतील, तर दुसरी जागा शोधावी.

बोटिंग किंवा कयाकिंगची सोय सांगितली जात असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. साहसी पर्यटनाबाबत राज्याने २०२१ मध्ये धोरण जाहीर केले असून अशा उपक्रमांच्या आयोजकांना नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवता येत नसेल, मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे नसतील, तर बोटीत बसू नये.

कॅराव्हॅन नेता येईल का?

येईल, पण अपेक्षा आवरत्या ठेवाव्यात. महाराष्ट्राने मार्च २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले. जिथे हॉटेल बांधता येत नाही किंवा बांधू नये अशा निसर्गरम्य ठिकाणी कायमचे बांधकाम न करता पर्यटकांना राहता यावे, हा त्यामागचा विचार. धोरणाचे दोन भाग आहेत. एक, झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेले वाहन. दुसरा, असे वाहन उभे करण्यासाठी पाणी, वीज, सांडपाणी व सुरक्षेची सोय असलेले कॅराव्हॅन पार्क. दोन्हींची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते.

प्रत्यक्षात कुटुंबाला कॅराव्हॅन भाड्याने मिळणे सोपे आणि ती उभी करण्याची सुसज्ज जागा मिळणे अवघड, अशी स्थिती आहे. म्हणून आधी जागा, मग वाहन असा क्रम ठेवावा. शेतघराच्या किंवा रिसॉर्टच्या मालकाला वाहनाची लांबी, उंची आणि वजन सांगून फाटक, वळण आणि वरून जाणाऱ्या विजेच्या तारा यांची खात्री करून घ्यावी. वीजजोडणी किती भार पेलेल हेही विचारावे. वातानुकूलन यंत्र आणि पाणी तापवणारा हीटर एकाच वेळी लावला तर शेतावरची वायरिंग तग धरेलच असे नाही.

वाहन भाड्याने घेताना दोन बाबी कागदावर पाहाव्यात. पांढऱ्या पाटीचे खासगी वाहन भाड्याने देता येत नाही. आणि मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. घरच्या घरी आसने काढून पलंग बसवलेल्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. चालत्या गाडीत मागच्या पलंगावर मुलांना झोपवणे ही तर सर्वांत धोकादायक सवय. वाहन चालू असताना प्रत्येक जण पट्टा लावून आसनावरच बसलेला हवा.

मोठी गाडी घेऊन वेरूळला कोणत्या रस्त्याने यावे?

संभाजीनगरहून दौलताबादमार्गे येणारा जुना रस्ता देखणा आहे, पण तो देवगिरी किल्ल्याच्या तटबंदीतील जुन्या वेशीतून जातो. ही वेस अरुंद आहे. सुटीच्या दिवशी इथे वाहनांच्या रांगा लागतात आणि उंच गाडीची तर कसोटीच लागते. पुढे खुलताबादचा घाटही वळणांचा आहे. त्यामुळे कॅराव्हॅन किंवा टपावर सामान बांधलेली गाडी असेल तर सोलापूर-धुळे महामार्गाने कसाबखेडा बाजूने वेरूळ गाठणे सोयीचे.

मुंबई-नाशिककडून समृद्धी महामार्गाने येणाऱ्यांना माळीवाड्याला उतरता येते. धुळे, चाळीसगाव, जळगावकडून येणाऱ्यांनी कन्नडच्या औट्रम घाटाची स्थिती आधी पाहावी. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने ऑगस्ट २०२३ पासून या घाटात अवजड वाहनांना बंदी घालण्यात आली. आपले वाहन नोंदणी पुस्तकात कोणत्या वर्गात आहे, हे निघण्यापूर्वी बघून ठेवलेले बरे.

रस्त्याचे आणखी एक गणित यात्रांशी जोडलेले आहे. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला घृष्णेश्वरासाठी, तर श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला खुलताबादच्या भद्रा मारुतीसाठी मोठी गर्दी होते. भद्रा मारुतीला भाविक संभाजीनगरहून रात्रभर पायी येतात. या काळात वाहतूक वळवली जाते. त्या रात्री याच रस्त्यावर मोठी गाडी चालवणे पायी चालणाऱ्यांच्या जिवाशी खेळ ठरेल. असे दिवस सहलीतून वगळावेत.

कोणते महिने योग्य?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध हा तंबूसाठी उत्तम काळ. आकाश निरभ्र असते, तळ्यांत पाणी असते, नाथसागरावर स्थलांतरित पक्षी आलेले असतात. रोहित म्हणजे फ्लेमिंगो, पट्टकदंब, नाना तऱ्हेची बदके पाहण्यासाठी हाच हंगाम. दौलताबाद परिसरातली सीताफळे हिवाळ्याच्या तोंडाशी रस्त्याकडेला विकायला येतात. म्हैसमाळच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते, त्यामुळे लहान मुलांसाठी दोन पांघरुणे जास्तीची घ्यावीत. तंबूखाली जाड सतरंजी किंवा फोमची पट्टी हवीच. थंडी वरून लागते त्यापेक्षा जास्त जमिनीतून चढते.

जुलै ते सप्टेंबर हा डोळ्यांचे पारणे फेडणारा काळ, पण तो दिवसाच्या सहलीचा आहे. धबधबे, घसरडी वाट, चिखल, विजांचा कडकडाट यात तंबू नको. पक्क्या खोलीत राहून फिरावे. मार्चपासून म्हैसमाळ-खुलताबादच्या डोंगरांवरचे गवत वाळते आणि एका ठिणगीने वणवा लागतो. एप्रिल-मेमध्ये तळ्यांचे पाणीही आटते. त्या दिवसांत जाणाऱ्याला दिसतो तो तडे गेलेला गाळ आणि हंडे घेऊन जाणारी माणसे.

तळ्याचे पाणी वापरायला काय हरकत?

मराठवाड्यात तलाव आणि धरण ही आधी पिण्याच्या पाण्याची व्यवस्था आहे. छत्रपती संभाजीनगर आणि जालना या शहरांची तहान जायकवाडीवर भागते. हे धरण आपल्या भागातल्या पावसापेक्षा वरच्या नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या पावसावर अधिक अवलंबून आहे. वरच्या धरणांतून खाली किती पाणी सोडायचे यावर दर कमी पावसाच्या वर्षी वाद होतो, तो न्यायालयापर्यंत जातो. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात जायकवाडीचा उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातले पाणी उचलावे लागले होते. छोट्या तळ्यांची कथा याहून नाजूक. गावाची विहीर बहुतेक वेळा तळ्याच्या खालच्या अंगाला असते आणि तळ्यातलेच पाणी झिरपून विहिरीला येते.

म्हणून इथल्या मुक्कामाचे पाणी सोबत आणायचे किंवा जागामालकाला पैसे देऊन घ्यायचे. चौघांच्या कुटुंबाला पिण्यासाठी आणि साध्या स्वयंपाकासाठी दिवसाला सुमारे २० लिटर धरावे, म्हणजे दोन दिवसांना ४० लिटर. वीस लिटरचे दोन जार गाडीत सहज मावतात. भांडी तळ्यात धुऊ नयेत. पाण्यापासून किमान ६०-७० मीटर दूर, थोड्या पाण्यात, साबणाऐवजी राखेने किंवा मातीने घासली तरी निघतात. साबण लावून तळ्यात अंघोळ, गाडी धुणे, लहान मुलांचे डायपर काठावर टाकणे या गोष्टी पाहुण्याच्या दृष्टीने एका दिवसाच्या असतात, गावाच्या दृष्टीने त्या वर्षभराच्या.

कॅराव्हॅनमधली सांडपाण्याची टाकी ओढ्यात किंवा रस्त्याकडेच्या चरात रिकामी करू नये. मुक्कामाच्या ठिकाणी शोषखड्डा किंवा सेप्टिक टाकी असेल तर मालकाला विचारून तिथेच सोडावी. कचऱ्यासाठी दोन पिशव्या पुरतात. ओला कचरा मालकाच्या उकिरड्यात, बाकी सगळा घरी परत.

मुले सोबत असताना धोका कशाचा?

पहिला धोका पाण्याचा. जलाशय नदीसारखा उतरत जात नाही. काठाला गुडघाभर पाणी असते आणि दोन पावलांवर जुन्या नदीपात्राचा किंवा माती काढलेल्या खड्ड्याचा खोल भाग लागतो. तळाशी गाळ असल्याने पाय रुततो आणि पोहता येणाराही अडकतो. धरणाखाली नदीपात्रात बसणे आणखी वाईट, कारण दरवाजे उघडले की पाणी झपाट्याने वाढते. नियम एकच ठेवावा. जीवरक्षक जाकीट आणि देखरेख असलेल्या बोटीखेरीज कोणीही पाण्यात उतरायचे नाही. मोठ्यांनी हा नियम मोडला की मुले तो पाळत नाहीत.

दुसरा धोका बंद तंबूतल्या शेगडीचा. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी किंवा गॅसची चूल तंबूत घेऊन झिप लावली, तर अपुऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेत माणूस बेशुद्ध होतो आणि जागाच होत नाही. हाच नियम बंद कॅराव्हॅनला आणि इंजिन चालू ठेवून झोपलेल्या गाडीला लागू आहे. ऊब हवी असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्यावी.

तिसरा धोका सापांचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे महाराष्ट्रातले चार प्रमुख विषारी साप. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. त्यामुळे उघड्यावर सतरंजी टाकून झोपू नये. तंबूची झिप दिवसाही बंद ठेवावी, बूट झटकून घालावेत, रात्री शौचाला जाताना विजेरी हवीच. दंश झाला तर चिरणे, चोखणे, घट्ट दोरी बांधणे यापैकी काहीही करू नये. माणसाला स्थिर ठेवून थेट सरकारी रुग्णालय गाठावे. खुलताबादला ग्रामीण रुग्णालय आहे, मोठ्या उपचारांसाठी संभाजीनगरचे ‘घाटी’ रुग्णालय. लेण्यांच्या आणि किल्ल्यांच्या कड्यांवर आग्या मोहोळही असतात. त्यांच्याजवळ धूर, फटाके, उग्र अत्तर, दगडफेक टाळावी.

आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वन विभागासाठी १९२६ हे क्रमांक फोनमध्ये आणि एका कागदावर लिहून ठेवावेत. डोंगरात मोबाइलचे जाळे जाते-येते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा आणि थोडी रोकड जवळ ठेवावी.

दोन रात्री, तीन दिवस : आराखडा कसा असावा?

लेणी मंगळवारी बंद असतात, हे धरूनच तारखा ठरवाव्यात. शुक्रवार ते रविवार सोयीचा वाटतो, पण गर्दी नको असेल तर बुधवार ते शुक्रवार उत्तम.

पहिल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत मुक्कामी पोहोचावे. अंधारात तंबू लावणे हे सहलीतल्या भांडणाचे हमखास निमित्त. उजेड असतानाच जागेचा उतार, मुंग्यांची वारुळे, वरच्या वाळक्या फांद्या पाहून घ्याव्यात. संध्याकाळी घृष्णेश्वर आणि वेरूळ गावातली मालोजीराजांची गढी, शहाजीराजांचे स्मारक पाहता येते. भोसले घराण्याचे हे गाव, हे मुलांना इथेच सांगावे.

दुसरा दिवस लेण्यांचा. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. ३४ लेणी एका दिवसात दाखवण्याचा हट्ट नको. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. मुलांना प्रत्येक गटातले एक-दोन पुरे. दहाव्या लेण्याचे लाकडी वाशांसारखे कोरलेले छत, तीन मजली बारावे, सोळावे कैलास आणि बत्तिसावी इंद्रसभा. लेण्यांची तोंडे पश्चिमेला असल्याने दुपारनंतर आत उजेड चांगला येतो, तर सकाळी गारवा आणि कमी गर्दी मिळते. वयस्कर मंडळी असतील तर सकाळच बरी. दुपारी मुक्कामी विश्रांती, संध्याकाळी शूलिभंजन आणि परियों का तालाब. इथे चटई टाकून घरून आणलेली भाकरी-ठेचा खाता येतो, पण परिसरात दर्गा आणि मंदिर आहे याचे भान हवे. मोठ्या आवाजातला स्पीकर गाडीतच राहू द्यावा. रात्री मुक्कामी दिवे मालवून आकाश पाहावे.

तिसऱ्या दिवशी पहाटे म्हैसमाळ. सूर्योदय पाहून, गिरिजामातेचे दर्शन घेऊन दहापर्यंत परत यावे, आवराआवर करून दुपारी निघावे. आणखी एक दिवस हाती असेल तरच पैठण जोडावे. नाथसागरावर पक्षी पाहायचे तर पहाटेची वेळ गाठायला हवी, म्हणजे आदल्या रात्री पैठणला राहायला हवे. तिथे तंबूचा आग्रह न धरता पक्की खोली घ्यावी. ज्ञानेश्वर उद्यान पाहायचे असेल तर ते खुले आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

खर्च कुठे वाचवावा, कुठे वाचवू नये?

पहिल्याच सहलीसाठी महागडा तंबू विकत घेऊ नये. जागामालकाकडून किंवा भाड्याने घ्यावा. आवडले तर पुढच्या वेळी विकत घेता येतो. कॅराव्हॅनचा खर्च काढताना दिवसाच्या भाड्यावर थांबू नये. इंधन, टोल, चालकाचा भत्ता, अनामत आणि रात्री गाडी उभी करण्याचे शुल्क धरले की चार जणांच्या कुटुंबाला साधी गाडी आणि शेतघरातली खोली अनेकदा स्वस्त पडते. सहा-आठ जण असतील आणि रोज ठिकाण बदलायचे असेल, तरच कॅराव्हॅन परवडू लागते.

गावात मिळणारी वस्तू शहरातून आणू नये. दूध, भाजी, अंडी, भाकरी गावातूनच घ्यावी. एखाद्या घरी पिठले-भाकरीचे जेवण सांगितले तर चुलीवरचे ताजे अन्न मिळते आणि चार पैसे गावात राहतात. जागेचे भाडे, पाणी आणि प्रथमोपचार पेटी यांत काटकसर करू नये.

वेरूळच्या भागात कॅम्पिंगची बाजारपेठ अजून उभी राहायची आहे. पवन्याच्या काठी आधी तंबू आले, मग कचरा आला, बुडण्याच्या घटना झाल्या आणि नियम सर्वांत शेवटी आले. इथे तो क्रम बदलता येईल. तळ्यावर येणाऱ्या पहिल्या काही कुटुंबांनी विचारून जागा घेतली, पाणी सोबत आणले आणि कचरा परत नेला, तर पुढच्या पाहुण्यालाही गाव दार उघडे ठेवील. नाहीतर पुढच्या हिवाळ्यात त्याच वाटेवर काटेरी कुंपण आणि ‘प्रवेश बंद’ची पाटी दिसेल, आणि त्यात गावाची चूक नसेल.